इतवारीतून बेचाळीस किलोमीटर

नागपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला मे महिना आठवतो. इथे थंडीही पडते, हे त्याला सांगून पटत नाही. 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. एरवी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आठ ते बारा अंश असतात, आणि लांब पळणाऱ्याला याहून चांगली हवा मागून मिळायची नाही. केल्विन किप्टमने 2023 मध्ये 2 तास 35 सेकंदांत मॅरेथॉन संपवून तेव्हाचा विश्वविक्रम केला, तो शिकागोतल्या ऑक्टोबरच्या अशाच गार सकाळी. त्यामुळे हिवाळ्यातल्या सरावाच्या अडचणी कोणी विचारल्या की मी थंडीचं नाव घेत नाही. अडचण थंडीच्या मागून येणाऱ्या गोष्टींची असते, आणि आमच्या इतवारीत, नागपूरच्या जुन्या बाजारपेठेत, त्या जरा जास्तच आहेत.

माझा सराव असतो मुंबई मॅरेथॉनसाठी, आणि ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे सर्वांत लांब पल्ले, तीस-बत्तीस किलोमीटरचे, डिसेंबरात येतात. किलोमीटरला सात मिनिटं धरली तर साडेतीन तास लागतात. त्या दिवसांत सूर्य उगवतो पावणेसातच्या सुमारास, आणि आठनंतर इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा चारला निघायचं, दुसरा मार्ग नाही.

पश्चिम नागपूरकरांचं बरं आहे. त्यांना अंबाझरी आहे, फुटाळा आहे, सेमिनरी हिल्सची झाडी आहे. आमच्या वाट्याला सेंट्रल अव्हेन्यू. त्यावरून आता मेट्रो जाते. 11 डिसेंबर 2022 ला हा मार्ग सुरू झाला आणि पळणाऱ्यांना फुकटात मैलाचे दगड मिळाले. प्रजापतीनगर, वैष्णोदेवी, आंबेडकर चौक, टेलिफोन एक्स्चेंज, चितार ओळ, अग्रसेन, दोसर. दोन स्थानकांत साधारण किलोमीटरभर अंतर. घड्याळाकडे न बघता मान वर केली की किती झालं ते कळतं. चढाचा सराव करायचा तर रामझुला हा पूल: मेयो रुग्णालयाकडून चढायचं, जयस्तंभ चौकाकडे उतरायचं, पुन्हा मागे फिरायचं. पूर्व नागपुरात टेकडी नाही, पुलावरच भागवावं लागतं.

पहाटे चारला इतवारी झोपलेली असते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा मस्कासाथकडे चक्कर मारावी. ट्रक मागे घेताना पोरगा ‘आने दो, आने दो’ ओरडत असतो, हमालांच्या पाठीवर पोती चढत असतात, आणि गल्लीच्या मधोमध हातठेला आडवा. मिरची बाजाराच्या अंगाला वारा असेल तर श्वास आत घेताच ठसका लागतो. हवेत तरंगणारी ती बारीक भुकटी दिसत नाही. नाकात झिणझिणलं की कळते. पोती वाहणाऱ्यांना मात्र एक शिंकही येत नाही. त्यांच्यात छत्तीसगडहून आलेले बरेच आहेत, काही भंडाऱ्याकडचे. त्यातल्या एकाने मला शेकोटीजवळून विचारलं होतं, ‘‘काहून पयून राहिले जी एवढ्या थंडीत? मागं कोनी लागलं का?’’ मी म्हटलं, मुंबईला पळायचं आहे. ‘‘मंग गाडीनं जा ना भाऊ,’’ तो म्हणाला, आणि पोतं उचलून चालू लागला. दिवसभरात तो जेवढं चालतो, तेही वजन घेऊन, त्यापुढे माझा आठवड्याचा हिशेब किरकोळ आहे.

ती शेकोटीच खरी अडचण. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, वर मात्र थोडी ऊबदार हवा राहते. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. ट्रकचा धूर, उकिरड्याचा धूर, शेकोटीचा धूर, सगळा माणसाच्या उंचीवर साचून राहतो. दिव्याच्या खांबाखाली तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. लोक त्याला धुकं म्हणतात. ऊन चढून जमीन तापली की तो विरळ होतो. म्हणजे रस्ता मोकळा असतो तेव्हा हवा वाईट, आणि हवा सुधारेपर्यंत रस्ता गाड्यांनी भरलेला. पळताना माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट हवा ओढतो, तीही तोंडाने; नाकाची गाळणी कामाला येत नाही. त्यात शेकोटीत लाकूड कमी आणि बाजारातलाच कचरा जास्त: खोकी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, थर्माकोल, फाटकी पोती. लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात. प्लॅस्टिकच्या धुराने घसा धरतो आणि दुपारपर्यंत सुटत नाही. त्यामुळे मी बाजाराच्या गल्ल्या चालत ओलांडतो, तोंड मिटून, आणि पळायला अव्हेन्यूवर गेल्यावरच सुरुवात करतो. तिथेही हवा काही हिमालयाची नाही, पण रस्ता रुंद आहे.

कुत्री आहेतच. थांबायचं, त्यांच्याकडे तोंड करून दोन पावलं चालायचं, मग पुढे. पाठ दाखवून पळाल तर सराव भलत्याच वेगात होतो. सिमेंटच्या रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यातली वीतभर फट मात्र कुत्र्यांहून वाईट. अंधारात पाऊल तिथे पडलं की घोटा गेला. कपाळावरचा दिवा त्यासाठीच.

कपड्यांचा सोपा हिशेब आहे: आहे त्याहून दहा अंश जास्त समजून घालायचे. पहिले दोन किलोमीटर दात वाजतात, तिसऱ्याला स्वेटर नकोसा होतो. माझा चहाच्या टपरीच्या खुंटीवर लटकतो. गांधीबागेच्या एवढ्या मोठ्या कापडबाजाराशेजारी राहून सांगायला वाईट वाटतं, पण सुती बनियन या कामाचं नाही. भिजलं की चिकटतं आणि काखेत, छातीवर सालटी निघतात. तिथे खोबरेल लावायचं. हिवाळ्यात ते बाटलीत गोठून पांढरं झालेलं असतं, काडीने उकरून मलमासारखं चोपडता येतं.

पाण्याची गंमत वेगळी. गार हवेत तहान लागत नाही, घामही लगेच वाळतो, म्हणून वाटतं आपण घामेजलोच नाही. घरी येऊन आरशात बघावं: कानशिलांवर, भुवयांत मिठाचे कण, काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेघा. तेवढं पाणी गेलेलं असतं. तहान लागो न लागो, दर काही किलोमीटरला घोटभर घ्यायचं ठरवूनच निघावं लागतं. खायला खिशात चिक्की. शिवाय अंबिया बहाराच्या संत्र्यांचा मोसम, त्याची ददात नाही. ददात झोपेची. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. शनिवारी रात्री वरात दारावरून जाते, नाहीतर कोणाकडे सावजीचं आमंत्रण असतं. सावजी रस्सा खाऊन दुसऱ्या पहाटे तीस किलोमीटर पळून दाखवणारे वीर आमच्या भागात आहेत. माझं पोट त्यांच्यातलं नाही.

एवढं सगळं गार, कोरड्या हवेत करायचं आणि शर्यत पळायची दमट मुंबईत. तिथे जानेवारीतही पहाटे अठरा-वीस अंश असतात, घाम वाळतच नाही, आणि पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो तो पस्तीस किलोमीटरच्या पुढेमागे, पाय संपल्यावर. अंगाला उकाड्याची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत मी पहाट सोडतो आणि भर दुपारी पळतो. जानेवारीतही दुपारी इथे सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात, वर लांब बाह्यांचा शर्ट चढवला की काम भागतं. त्या वेळी इतवारीत पळणं अशक्य, तेव्हा सेमिनरी हिल्स गाठायच्या. ज्यांची गाठ मुंबईशी आहे त्यांनी हे करून बघावं. विदर्भातली कितीतरी माणसं उत्तम सराव करून तिथे तिसाव्या किलोमीटरला चालायला लागतात.

आणि बाजारातल्या शेठलोकांना एक विनंती. हमालाला, चौकीदाराला रात्री शेकोटी लागणारच, ती बंद करा असं कोणी म्हणणार नाही. पण दुकान वाढवताना पट्ट्या आणि थर्माकोल वेगळ्या पोत्यात बांधून कचरागाडीत द्या, आणि पोरांसाठी मोळीभर लाकूड ठेवा. मी तिथून दोन मिनिटांत निघून जातो. ते रात्रभर त्याच धुरात बसतात.