पेटीतल्या फोटोंना नावे द्या

आपल्याकडच्या अनेक घरांत जुने फोटो भिंतीवर दिसत नाहीत. घरात तसवीर लावणे वडीलधाऱ्यांना पसंत नसे. म्हणून ते कपड्यांच्या पेटीत, निकाहनाम्याजवळ किंवा जमिनीच्या कागदांत सापडतात. उजेड न लागल्याने हे फोटो टिकले, हा फायदाच झाला. पण भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून मुले ‘हे कोण?’ असे विचारतात, तसे पेटीतल्या फोटोविषयी कोणी विचारले नाही. त्यामुळे चेहरा राहिला आणि नाव हरवले. ते शोधायची सुरुवात फोटोपासूनच करता येते.

आधी कागद पाहा

पातळ कागदावरचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल आणि त्याला पिवळसर तपकिरी रंग असेल, तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकातला आहे. हा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन तयार करत. साधारण अडीच बाय चार इंचांची छोटी कार्डे 1860 नंतर लोकप्रिय झाली. सव्वाचार बाय साडेसहा इंचांची मोठी कार्डे त्यानंतर आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. काळ्यापांढऱ्या फोटोच्या कडांवर, गडद भागात निळसर चंदेरी चमक दिसते का? मग तो बहुधा 1890 नंतरच्या जिलेटिनच्या कागदावरचा आहे. मागे पोस्टकार्डासारखी उभी रेघ छापलेली असेल, तर फोटो विसाव्या शतकातला समजावा.

पुठ्ठ्याची मागची बाजू जरूर पाहा. तिथे स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते. आजोबा नोकरीसाठी कोणत्या शहरात होते, याचा पुरावा कधी कधी तेवढाच उरलेला असतो.

पोशाख काय सांगतो

पोशाखावरून काळ ठरवताना घाई करू नये. तुर्कस्तानात 1925 मध्ये तुर्की टोपीवर बंदी आली, तरी आपल्याकडचे बुजुर्ग ती पुढेही घालत राहिले. शेरवानी तर बापाची मुलाने घातलेली असू शकते. मागचा रंगवलेला पडदा, नक्षीची खुर्ची, तिवईवरची फुलदाणी या वस्तू बहुधा स्टुडिओच्या असत. त्यांवरून घरची श्रीमंती मोजू नये. चेहऱ्यावर हसू नाही म्हणून माणूस कडक होता असेही नाही. सुरुवातीच्या काळात बराच वेळ स्थिर बसावे लागे, आणि गंभीर बसण्याची रीत पुढेही राहिली.

स्त्रियांचे फोटो

पडद्यामुळे जुन्या काळातले आपल्या स्त्रियांचे फोटो कमी मिळतात. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी ही अडचण ओळखून 1892 मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. त्याची जबाबदारी एका इंग्रज बाईंकडे होती. पण तिथे जाणे मोठ्या घराण्यांनाच शक्य होते. सामान्य घरातल्या कित्येक स्त्रियांचा पहिला फोटो निघाला तो हजच्या पासपोर्टसाठी. म्हणून दादी-नानीचा एखादा छोटा, फिकट फोटो मिळाला तर त्याला किरकोळ समजू नका. कदाचित तो एकच असेल.

काय करावे, काय टाळावे

फोटो कडेने धरावा. ओल्या फडक्याने पुसू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. मोबाइलवर पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. मागे बॉलपेनने लिहिल्यास ठसा पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला, न दाबता लिहावे.

काय लिहावे? पूर्ण नाव, नाते, गाव आणि ही माहिती कोणी सांगितली ते. ‘दादी’ एवढेच लिहू नका. पन्नास वर्षांनी ती कोणाची दादी, हे कोणाला कळणार? खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला.

कागद, पुठ्ठा, टोपी यांवरून काळ कळेल. नाव मात्र माणूसच सांगू शकतो, आणि ते सांगणारी फुफी किंवा खाला आज ऐंशीच्या घरात आहे. येत्या ईदला सगळे जमतील तेव्हा शीरखुर्म्यानंतर पेटी उघडा, फोटो एकेक करून त्यांच्या हातात द्या आणि मुलांना पेन्सिल घेऊन शेजारी बसवा. मरहूम बुजुर्गांसाठी दुआ करताना त्यांची नावेही आठवतील.