शपथेनंतरचे दिवस



धसई परिसरातील आमच्या कामाविषयी मंडळीत सांगितले की एक प्रश्न हमखास येतो: “त्याने प्रार्थनेत शपथ घेतली होती ना, मग पुन्हा का प्यायला?”

शपथ खरीच असते. पण सकाळी उठल्यापासून पिणाऱ्याने एकदम दारू सोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि भगताकडे नेतात. (आपणही कधी नुसती प्रार्थना करून घरी परतलो आहोत, हे कबूल केले पाहिजे.) यात जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आधी मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. प्रार्थना वाटेतही करता येते.

एवढे झाले की खरे काम सुरू होते. आपल्याकडची पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा मालकाकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हंगामाच्या शेवटी. दिवसभर चिखल आणि विटा करून अंग ठणकते, खर्ची हातात असते आणि गावठी दारू जवळच मिळते. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. अशा माणसाला आम्ही पूर्वी दारूचे तोटे सांगायचो. तो मान डोलवायचा. तोटे त्याला आमच्याहून जास्त ठाऊक होते.

आता आम्ही माणूस वाडीवर असताना, पावसाळ्यात उपचार सुरू करतो. निघण्याआधी नवरा-बायकोसोबत बसून ठरवतो: खर्ची कोणी घ्यायची, बाजाराला सोबत कोण जाणार. खर्ची बायकोच्या हाती द्यावी, हे सांगणे सोपे आहे. त्यावरून तिला मार बसलेलाही आम्ही पाहिला आहे. तो शुद्धीत असताना स्वतः हो म्हणेपर्यंत आम्ही आग्रह धरत नाही. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्येही, जे १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले, कुटुंबाचे समुपदेशन आणि नंतरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानतात. चांगल्या शोमरोन्यानेही जखमीला उतारशाळेत ठेवले, पैसे दिले, आणि परत येताना जास्तीचा खर्च भरीन असे सांगितले. त्याचे परत येणे आपण वाचताना विसरतो.

एक भाऊ भट्टीवर तीन महिने टिकला आणि शिमग्याला प्यायला. बायकोचा निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा तो लाजून भट्टीमागे बसला होता. कोणी रागावले नाही. त्याच आठवड्यात त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेले. पुढच्या शिमग्याला आम्ही न बोलावता आदल्या दिवशीच पोहोचलो. त्याने चहा केला.

या हंगामातही भट्ट्यांवर जायचे आहे. सोबत येऊ शकणाऱ्यांनी कळवावे. ज्यांच्या स्वतःच्या घरी हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी १४४४६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.