बेक्ड ओटमील : रविवारी भाजावी, आठवडाभर खावी अशी न्याहारी

ओट्स, दूध, अंडी आणि फळे एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला न्याहारीचा पदार्थ म्हणजे बेक्ड ओटमील. पातेल्यात ढवळत शिजवलेली ओट्सची लापशी सैल आणि चिकट होते. हा पदार्थ मात्र सुरीने वड्या पाडता येतील इतका घट्ट होतो आणि तरी केकपेक्षा ओलसर राहतो. त्यात मैदा नसतो. एकदा भाजून ठेवला की तो फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगला राहतो. सकाळी फक्त गरम करायचा असल्याने घाईच्या दिवशीही पोटभर न्याहारी होते.

पदार्थात ओट्स आहेत एवढ्यावरून तो आरोग्याला हितकर ठरत नाही. हाच पदार्थ मिठाईइतका गोड आणि तुपकटही करता येतो. गोडव्याचे आणि ओलाव्याचे काम साखर-लोण्याकडून काढून फळांकडे किती सोपवले, यावर त्याचा पौष्टिकपणा ठरतो.

पेन्सिल्व्हेनियातला मूळ पदार्थ

बेक्ड ओटमीलचे नाव अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या जर्मन वंशाच्या लोकांशी, विशेषतः आमिश आणि मेनोनाइट या पंथीयांशी जोडले जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हे लोक युरोपातून येऊन तेथे स्थायिक झाले. लँकेस्टर काउंटी हा त्यांचा प्रमुख प्रदेश. शेतीची कष्टाची कामे आणि मोठी कुटुंबे असल्यामुळे एका भांड्यात सगळ्यांपुरती होणारी, पोटाला आधार देणारी न्याहारी त्यांना सोयीची होती.

ओट्स झटपट शिजू लागले ते एकोणिसाव्या शतकात. फर्डिनंड शूमाकर या जर्मन स्थलांतरिताने १८५६ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे ओट्सची गिरणी सुरू केली. त्याच राज्यातील रॅव्हेना येथील गिरणीने १८७७ मध्ये ‘क्वेकर’ या बोधचिन्हाची नोंदणी केली. पुढे वाफवून रुळांखाली चपटे केलेले दाणे बाजारात आले. तोवर बराच वेळ शिजवावे लागणारे हे धान्य मग घरोघरी रोजच्या न्याहारीला आले.

जुन्या पद्धतीच्या पाककृतींत तीन कप ओट्सला पाऊण ते एक कप ब्राउन शुगर आणि अर्धा कप लोणी किंवा तेल असे प्रमाण सर्रास आढळते. पाऊण कप म्हणजे सुमारे १५० ग्रॅम साखर. सहा वाटे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगले. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. जुन्या प्रमाणाने केलेल्या एका वाट्यातच दिवसभराची ही मर्यादा संपते. मध, गूळ आणि सिरप हेही याच हिशेबात धरले जातात, त्यामुळे साखरेऐवजी तेवढाच गूळ घातल्याने हिशेब बदलत नाही.

दाण्यात काय असते

ओट हे थंड आणि दमट हवामानातील पीक आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना ते मुख्यतः रब्बीतील हिरव्या चाऱ्याचे पीक म्हणून माहीत आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा त्याचाच वाण. खाण्यासाठी दाण्यावरचे टरफल काढले जाते, पण कोंडा आणि अंकुर दाण्याबरोबरच राहतात. म्हणून चपटे केलेले ओट्सही अख्खे धान्यच असतात. या दाण्यात इतर तृणधान्यांच्या मानाने स्निग्धांश जास्त असल्याने तो लवकर खवट होऊ शकतो. गिरणीत त्याला वाफ आणि उष्णता देतात ती खवटपणा आणणारी विकरे निष्क्रिय करण्यासाठी.

१०० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण ३८० कॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. या तंतूंमधील बीटा-ग्लुकान हा भाग पाण्यात विरघळून घट्ट, बुळबुळीत द्रव तयार करतो. आतड्यात तो पित्तातील आम्लांना अडकवून शरीराबाहेर नेतो. ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते आणि त्याची पातळी काहीशी उतरते. संपृक्त मेद कमी असलेल्या आहारातून रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे पाकिटावर लिहिण्याची मुभा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये दिली. याच घट्टपणामुळे जठर हळूहळू रिकामे होते आणि भूक लवकर लागत नाही.

बाजारात ओट्स तीन-चार रूपांत मिळतात. या पदार्थासाठी ‘रोल्ड ओट्स’ म्हणजे अख्ख्या दाण्याचे जाड, चपटे पोहे सर्वांत योग्य. ते दूध पितात, पण त्यांचा आकार मोडत नाही. बारीक केलेले ‘क्विक ओट्स’ चालतात, मात्र वडी मऊ होते. इन्स्टंट ओट्सचा गोळा होतो, शिवाय चवीच्या पाकिटांत साखर किंवा मीठ आधीच घातलेले असते. ‘स्टील-कट ओट्स’ म्हणजे दाण्याचे कापलेले तुकडे. त्यांना जास्त दूध आणि जास्त वेळ लागतो, त्यामुळे पुढील प्रमाणात ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत.

सहा जणांसाठी प्रमाण

२०० ग्रॅम म्हणजे साधारण दोन कप रोल्ड ओट्स, एक चमचा बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनी पूड आणि पाव चमचा मीठ हे कोरडे साहित्य. ४५० मिलिलिटर दूध, दोन अंडी, दोन पिकलेली केळी, २० ग्रॅम वितळवलेले लोणी किंवा तूप आणि ३० ग्रॅम बारीक किसलेला गूळ हे ओले साहित्य. त्याखेरीज २५० ग्रॅम चिरलेले सफरचंद आणि ५० ग्रॅम अक्रोडाचे तुकडे. केळी सालीवर काळे ठिपके पडलेली निवडावीत. पिकताना केळ्यातील पिष्टाची साखर होते, त्यामुळे अशी केळी सर्वांत गोड असतात.

ओव्हन किंवा ओटीजी १८० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे आधी तापवावा. २० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्याला आतून तूप लावावे. केळी काट्याने कुस्करून त्यात गूळ, अंडी, दूध आणि लोणी फेटावे. दुसऱ्या भांड्यात कोरडे साहित्य मिसळावे, म्हणजे बेकिंग पावडर एका जागी गोळा होत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर मिश्रण खूपच पातळ वाटते. ते तसेच असायला हवे, त्यात आणखी ओट्स घालू नयेत. दहा मिनिटे थांबले की ओट्स दूध शोषतात आणि मिश्रण सरसरीत होते. मग सफरचंद आणि निम्मे अक्रोड आत घालावे, उरलेले अक्रोड वर पसरावेत आणि भांडे मधल्या जाळीवर ठेवावे.

पस्तीस ते चाळीस मिनिटांत पदार्थ होतो. कडा सोनेरी होऊन भांड्यापासून सुटू लागतात आणि भांडे हलवले तर मधला भाग डचमळत नाही. मध्ये सुरी खुपसून पाहिल्यास ती ओलसर निघते, पण तिच्यावर दूध दिसत नाही. वरचा भाग लवकर करपू लागल्यास त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल सैलसर झाकावी.

भाजताना तीन गोष्टी घडतात. ओट्समधील पिष्ट दूध शोषून फुगते, अंड्यातील प्रथिने घट्ट होऊन सगळे बांधून ठेवतात आणि बेकिंग पावडरचा वायू मिश्रण हलके करतो. ढवळणे नसल्यामुळे दाणे मोडत नाहीत आणि लापशीचा चिकटपणा येत नाही. बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबणे गरजेचे आहे, कारण पिष्ट निवतानाच घट्ट होते. गरम असताना कापल्यास वडीचा चुरा होतो.

या प्रमाणाच्या एका वाट्यात सुमारे ३५० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिने आणि साडेपाच ग्रॅम तंतू येतात, तर वरून घातलेला गूळ फक्त ५ ग्रॅम असतो. सोबत वाटीभर दही किंवा ताक घेतल्यास प्रथिने वाढतात.

अंडी न खाणाऱ्यांनी प्रत्येक अंड्यामागे एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. तिचा चिकटपणा बांधणीसाठी पुरतो, पण वडी थोडी ठिसूळ होते आणि भाजायला पाचेक मिनिटे जास्त लागतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत तळाशी जाळी ठेवून, घट्ट झाकण लावून, मंद आचेवर हा पदार्थ होतो. त्याला पाऊण तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो आणि वरचा भाग फारसा सोनेरी होत नाही.

कोणती फळे, कशी

अमेरिकेत या पदार्थात ब्लूबेरी, सफरचंद आणि पीच ही फळे नेहमीची. निवडीचा नियम असा की, फळ उष्णतेत टिकावे आणि फार पाणी सोडू नये. सफरचंद आणि नाशपती सालासकट घ्यावीत, कारण तंतूंचा बराच भाग सालीजवळ असतो. फोडी एक सेंटिमीटरच्या असाव्यात. त्याहून मोठ्या मध्येच कच्च्या राहतात. डहाणू-घोलवडचे चिकू इतके गोड असतात की गूळ वगळता येतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पाणी सोडते, म्हणून दूध तीन-चार टेबलस्पून कमी घ्यावे. आंब्याच्या मोसमात पिकलेल्या आंब्याच्या फोडी केळ्याबरोबर चांगल्या लागतात आणि दालचिनीऐवजी वेलची किंवा जायफळ शोभते. अंजीर, जर्दाळू, खजूर आणि मनुका चालतात, पण त्यांत साखर एकवटलेली असते, म्हणून मूठभर पुरे.

कच्चे अननस, पपई आणि किवी दुधात घालून ठेवू नयेत. त्यांतील विकरे दुधातील प्रथिने तोडतात आणि चव कडवट होते. अननस घालायचे असल्यास आधी शिजवून घ्यावे, उष्णतेने ही विकरे निष्क्रिय होतात. कलिंगड, खरबूज आणि संत्री यांतले पाणी वडीला बसू देत नाही. ही फळे ताटलीत बाजूला वाढावीत. गोठवलेली फळे वितळू न देता थेट मिश्रणात घालावीत, म्हणजे त्यांचा रंग सगळीकडे पसरत नाही. मात्र भाजण्याची वेळ पाच ते दहा मिनिटांनी वाढते.

आधी करून ठेवण्याच्या पद्धती

पहिली पद्धत पूर्ण भाजून ठेवण्याची. निवलेल्या पदार्थाच्या सहा वड्या पाडून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ५ अंशांखाली ठेवाव्यात. भाजल्यापासून दोन तासांच्या आत त्या फ्रिजमध्ये जायला हव्यात. उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा एका तासाच्या आतच. धान्याच्या पदार्थांत आढळणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि पदार्थ कोमट राहिला की वाढू लागतात.

दुसरी पद्धत फ्रीझरची. प्रत्येक वडी वेगळी गुंडाळून मग एका पिशवीत घालावी आणि पिशवीवर तारीख लिहावी. उणे १८ अंशांना ती दोन-तीन महिने चांगली राहते. आदल्या रात्री हवी तेवढी वडी फ्रिजमध्ये उतरवून ठेवावी.

तिसरी पद्धत रात्री तयारी करून सकाळी ताजे भाजण्याची. ओले आणि कोरडे साहित्य वेगवेगळे ठेवणे सर्वांत सोपे. एकत्र करूनच ठेवायचे असल्यास बेकिंग पावडर सकाळी घालावी, कारण ओली झाल्यावर तिचा जोर रात्रभरात कमी होतो. ओट्स दूध पिऊन घट्ट झालेले असतात, म्हणून सकाळी आणखी पाव कप दूध मिसळावे.

थंड झालेली वडी कडक लागते, कारण फ्रिजमध्ये पिष्ट आवळले जाते. गरम केले की ते पुन्हा सैल होते. एका वडीवर एक-दोन चमचे दूध शिंपडून, झाकून, मायक्रोवेव्हमध्ये एक-दीड मिनिट गरम करावे. ओव्हनमध्ये १७० अंशांना फॉइलखाली दहा-पंधरा मिनिटे लागतात. वडी मध्यभागापर्यंत वाफाळली पाहिजे. डब्यात न्यायची असल्यास हेच मिश्रण मफिनच्या बारा साच्यांत घालून वीस-पंचवीस मिनिटे भाजावे.

कोणी जपून खावे

ओट्समध्ये गव्हातले ग्लुटेन नसते. मात्र शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गहू-बार्लीची भेसळ होते. सिलिअ‍ॅक विकार असलेल्यांनी ग्लुटेनमुक्त अशी खूण असलेलेच ओट्स घ्यावेत आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण काहींना ओट्समधील अ‍ॅव्हेनिन हे प्रथिनही सोसत नाही. मधुमेह असलेल्यांनी जाड रोल्ड ओट्स वापरावेत, गूळ वगळावा, एकच केळे घ्यावे आणि वडीचा आकार सांभाळावा. तंतूंची सवय नसलेल्यांना सुरुवातीला पोटात वात धरू शकतो. त्यांनी अर्ध्या वडीपासून सुरुवात करून पाणी पुरेसे प्यावे. लहान मुलांना देताना अक्रोडाचे तुकडे न घालता पूड घालावी, म्हणजे घशात अडकण्याचा धोका राहत नाही.