१८ जून : हरलेल्यांचा दिवस

वर्तमानपत्रातील ‘दिनविशेष’ हा रकाना बहुतेक वाचक सकाळच्या चहाबरोबर वरवर चाळतात. लढाया, तह, जन्म, मृत्यू ही सारी तेथे एका रांगेत उभी असतात. परस्परांशी त्यांचे नाते एवढेच, की त्या त्या वर्षी तारीख तीच होती. कालगणना ही माणसाने आपल्या सोयीसाठी केलेली मांडणी आहे. तिच्यातील योगायोगांत विधिलिखित शोधू जाणे शहाणपणाचे नव्हे. तथापि १८ जूनचा रकाना थोडे थांबून वाचण्यासारखा आहे. हळदीघाट, वॉटर्लू, ग्वाल्हेर, लंडन आणि मडगाव ही पाच नावे तेथे एकत्र आली आहेत. आणि या पाचही ठिकाणी ज्यांची आपण आठवण काढतो, ते त्या दिवशी हरले होते.

हळदीघाटाची लढाई १८ जून १५७६ ची, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. आज प्रचलित असलेली ग्रेगोरियन गणना त्यानंतर सहा वर्षांनी सुरू झाली. अकबराच्या वतीने मानसिंगाने सेनेचे नेतृत्व केले, तर महाराणा प्रतापाच्या बाजूने हकीमखान सूर लढला. धर्माच्या सरळ रेषेत हा इतिहास बसविणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. काही तासांतच जखमी प्रतापाला रणांगण सोडावे लागले. मैदान मोगलांच्या हाती राहिले. प्रताप मात्र त्यांच्या हाती लागला नाही. १५९७ मध्ये त्याने देह ठेवला, तेव्हा चितोड व मांडलगड वगळता मेवाडचा बहुतेक मुलूख पुन्हा त्याच्याकडे आला होता.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा निर्णायक पराभव झाला. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन चिखलमय झाली होती. ती थोडी सुकावी म्हणून हल्ला लांबणीवर पडला, आणि तेवढ्या अवधीत प्रशियाची फौज वेलिंग्टनच्या मदतीला पोहोचण्याच्या बेतात आली. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली. नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत मरण पावला. त्याचा पराभव इतरांहून वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा ध्यानात घेतला पाहिजे. पराभव हा स्वतः काही गुण नव्हे. जो आपल्या सिंहासनासाठी लढतो, त्याच्या पराभवाबरोबर त्याची लढाईही संपते.

असईनंतर पंचावन्न वर्षांनी त्याच शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत दुसरे दृश्य दिसले. जून १८५८ च्या आरंभी झांशीची राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर चालून आले. जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या आश्रयाला आग्र्यास गेले आणि त्यांचे बहुतेक सैन्य राणीच्या पक्षाला मिळाले. पाठोपाठ सर ह्यू रोज आला. कोटा-की-सराईच्या लढाईत राणी धारातीर्थी पडली. इंग्रजांच्या कागदपत्रांत ती लढाई १७ जूनची आहे. बलिदानदिन मात्र १८ जून रोजी पाळला जातो. दोन-तीन दिवसांत ग्वाल्हेर पडले. लष्करी हिशेबाने हा शेवट होता. परंतु वेढ्याच्या काळात झांशीत असलेला पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे, डोळ्यांनी पाहिलेले सारे घेऊन कोकणात परतला आणि पुढे त्याने ते लिहून ठेवले. ‘माझा प्रवास’ छापून निघाला तो १९०७ मध्ये. जिंकणाऱ्यांचे खलिते तत्काळ विलायतेला पोहोचतात. हरलेल्यांची हकीकत अशी एखाद्या ब्राह्मणाच्या दप्तरात पन्नास वर्षे वाट पाहत राहते.

वॉटर्लूला बरोबर सव्वाशे वर्षे झाली त्या दिवशी, १८ जून १९४० रोजी, एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याला वेलिंग्टनच्याच देशाच्या राजधानीतून आपल्या देशबांधवांशी बोलावे लागले. आदल्याच दिवशी मार्शल पेताँने लढाई थांबविण्याची भाषा नभोवाणीवरून केली होती. जनरल द गॉल यांना तेव्हा फारसे कोणी ओळखत नव्हते. ‘बीबीसी’वरून झालेले त्यांचे भाषण थोड्याच लोकांनी ऐकले, आणि त्याचे ध्वनिमुद्रणही उरलेले नाही. ऑगस्टमध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली. चार वर्षांनी पॅरिस मुक्त झाले, तेव्हा फ्रान्सने आपल्या मुक्तीचा आरंभ त्या फारशा कोणी न ऐकलेल्या भाषणापासून मोजला.

आणि मग आपले मडगाव. डॉ. राममनोहर लोहिया एप्रिल १९४६ मध्ये आग्र्याच्या तुरुंगातून सुटले होते. शरीर थकले होते. बर्लिनमधील विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी ते विश्रांतीसाठी आले. भेटीला येणाऱ्या गोमंतकीयांकडून त्यांना येथील स्थिती कळली. सभेला परवानगी लागे, वृत्तपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावा लागे, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही त्यातून सुटत नसत. १८ जूनला भर पावसात हे दोघे मडगावच्या मैदानावर आले. पिस्तूल घेऊन अडविणाऱ्या अधिकाऱ्याला लोहियांनी हाताने बाजूला सारले. भाषण पुरते होण्याआधीच दोघांना अटक झाली आणि लवकरच लोहियांची हद्दीबाहेर रवानगी करण्यात आली.

त्या दिवसाचा जमाखर्च मांडला, तर हाती काय आले? सालाझारशाहीचा एक खांबही हलला नाही. उलट दडपशाही वाढली. सप्टेंबरमध्ये लोहिया पुन्हा आले, तेव्हा त्यांना आग्वादच्या किल्ल्यात डांबण्यात आले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना समुद्रापार पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी. तरीही गोमंतकाने आपला क्रांतिदिन म्हणून १८ जूनच निवडला, आणि ही निवड सर्वथा योग्य आहे. मुक्ती रणगाड्यांनी आणली. पण ती हवी आहे, हे उघड्या मैदानात मोठ्याने म्हणण्याचे धैर्य सामान्य माणसाला त्या पावसात आले.

राणी, द गॉल आणि लोहिया यांना एका ओळीत बसविण्याचा आमचा हेतू नाही. एकीने तलवार उचलली, दुसऱ्याने ध्वनिक्षेपकाचा आधार घेतला, तिसऱ्याच्या हातात काहीच नव्हते. शिवाय ज्या द गॉलनी आपल्या देशासाठी स्वातंत्र्य मागितले, त्यांच्याच फ्रान्सने पुढे इंडोचीन व अल्जीरियाला ते सुखासुखी दिले नाही. साम्य आहे ते एकाच बाबतीत. त्यांनी खाली ठेवलेले काम दुसऱ्या कोणाला तरी उचलता आले.

म्हणूनच क्रांतिदिनाचा खरा प्रश्न पुष्पचक्रांचा नाही. त्या दिवशी मैदानावर असलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. यापुढे ही आठवण अनुभवाने टिकणार नाही, आचरणाने टिकेल. लोहियांनी त्या दिवशी सत्ता मागितली नव्हती. परवानगीवाचून बोलण्याचा हक्क बजावला होता. आज ग्रामसभेत उठून आपल्या डोंगराविषयी, शेतजमिनीविषयी, नदीविषयी प्रश्न विचारणारा गावकरी तोच हक्क बजावीत असतो. त्याचे बोलणे कित्येकदा सत्ताधाऱ्यांना रुचत नाही, आणि बहुमताच्या मोजणीत तो बहुधा हरतोही. त्याला खाली बसविण्याची घाई करणाऱ्यांनी लोहिया मैदानावर फुले वाहण्यापूर्वी थोडा विचार करावा.

प्रस्तुत अग्रलेखही त्या काळी सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता आला नसता. आज तो तसा छापता येतो, आणि कोणाला पटला नाही तर त्याविरुद्ध लिहिताही येते. १८ जूनने आपल्याला दिले ते हे. दिवस हरलेल्यांचा असला, तरी त्यांनी मागितलेली गोष्ट आज आपल्या हाती आहे. ती वापरात ठेवणे एवढेच आपले काम उरले आहे.