थरथरत्या इंजिनाचे निदान

नारायणगाव वा मंचरच्या बाजारपेठेत मोटार वारंवार थांबते; इंजिनाचा दोष अशा वेळीच प्रकट होतो. उभ्या पेट्रोल मोटारीचे तापलेले इंजिन साधारणतः मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेते. ते थरथरू लागले, तर माळशेज घाटात शिरण्यापूर्वीच निदान व्हावे. प्रथम एअर फिल्टर व स्पार्क प्लग तपासावेत. प्लगवरील कोरडी काजळी बहुधा इंधनाचे आधिक्य दर्शवते. फुसफुस ऐकू आल्यास हवेच्या रबरी नळीतील चीर शोधावी. नंतर थ्रॉटल बॉडी स्वच्छ करवून घ्यावी. इंजिनाचा दिवा लागल्यास स्कॅनरवर कोड वाचून घ्यावा. तो लुकलुकत असल्यास गाडी दामटू नये. न जळलेले इंधन महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते. निदानाआधी सुटे भाग बदलणे म्हणजे वजन न करताच माल घेणे होय.