पिकअपला कान नसतात

पिकअप म्हटले की आमच्या फुलपाड्यात प्रथम डोळ्यांपुढे उभी राहते ती सिमेंटच्या गोणी वाहणारी गाडी. परंतु पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या इमारतीत गेल्या गणपतीच्या सुमारास जो पिकअप आला तो तळहातात मावणारा होता, आणि शेजारच्या मुलाने तो आपल्या लाकडी गिटारला बसविण्याचा बेत जाहीर करताच ज्या ज्या गृहस्थांनी जिन्यात उभे राहून आपले मत नोंदविले, त्या बहुतेकांची समजूत एकच होती, की हा एक छोटा मायक्रोफोन असून तो गिटारच्या पोटातला आवाज ऐकतो.

वस्तुतः तो काहीच ऐकत नाही. एक कायमचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे, एवढाच त्याचा संसार; वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र डळमळते आणि फॅरडेने १८३१ साली दाखविलेल्या नियमानुसार त्या वेढ्यांत तारेच्याच कंपनसंख्येची क्षीण वीज उपजते. ध्वनिछिद्रात तोंड घालून ओरडलात तरी स्पीकरमधून जवळजवळ काही उमटणार नाही.

म्हणूनच नायलॉनच्या तारांपुढे हा जिन्नस निव्वळ मुका. हे ज्ञान मला पुस्तकातून झालेले नाही. तरुणपणी एका दुकानदाराच्या भरवशावर मी तो क्लासिकल गिटारला जडविला आणि अख्खी संध्याकाळ वायरी तपासण्यात घालविली. तशा गिटारला घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीखाली बसणारा पिएझो लागतो, जो दाबातून वीज काढतो. मात्र त्याच्या जाडीइतकी ती पट्टी खालून घासावी लागते, वायरीसाठी घोडीत छिद्र पाडावे लागते आणि बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीचीही तजवीज करावी लागते.

चुंबकीय पिकअपसाठी गिटार कापावी लागते, ही तक्रारही निराधार आहे. दोन स्क्रू आवळले की तो ध्वनिछिद्राच्या कडांना धरून बसतो आणि वायर बाहेर लोंबती ठेवण्यास हरकत नसते. पट्ट्याच्या खुंटीजागी जॅक हवाच असेल तर सुमारे १२ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते, आणि ते काम जाणत्या कारागिराचे. “शॉक बसेल रे,” असे मुलाची आजी पुन्हापुन्हा बजावीत होती. साधा पिकअप वीज घेत नाही, देतो, तीही नगण्य. आजींची भीती अर्थिंग नसलेल्या अँप्लिफायरच्या बाबतीत मात्र शंभर टक्के रास्त ठरते.

कान नाहीत म्हणजे स्पीकरमधून शिट्टीही वाजणार नाही, हा तर्क सुशिक्षितही करतात. स्पीकरच्या आवाजाने पोकळ गिटारचा पातळ तक्ता आणि तारा थरारतात, तोच थरार पुन्हा स्पीकरकडे जातो आणि घुमारा सुरू होतो. गिब्सनने १९५४ साली जे-१६०ई ही पिकअपवाली गिटार काढली तेव्हा याच्याच बंदोबस्तासाठी तिला प्लायचा तक्ता दिला होता, आणि १९६२ साली बीटल्सच्या लेनन व हॅरिसन यांनी तीच घेतली.

सर्वांत फसवा गैरसमज असा, की सहाही तारा सारख्याच वाजतील. लाकडी गिटारच्या तिसरीपासून सहावीपर्यंतच्या तारांवर ब्राँझचे वेष्टन असते. कानाला ते गोड, पण चुंबकाच्या लेखी अस्तित्वातच नाही, त्याला दिसतो तो आतला पोलादी गाभा तेवढा. तिसरीचा गाभा तर फारच बारीक, आणि शेजारची दुसरी तार नखशिखांत पोलाद. त्यामुळे आरतीच्या पहिल्याच तालमीला दुसरी तार किंचाळली, तिसरी पुटपुटली, आणि मुलाने पिकअप सदोष असल्याचा निवाडा देऊन तो परत करण्यासाठी खोकेही शोधून काढले. आम्ही चष्म्याचा बारीक पेचकस आणला, पिकअपवरचा दुसऱ्या तारेखालचा स्क्रू अर्धा वेढा खाली उतरविला, तार छेडली, पुन्हा अर्धा उतरविला. चौथ्या खेपेस दोन्ही तारा एका आवाजात बोलू लागल्या, तेव्हा मुलाने ते खोके आजीकडे वातींसाठी सुपूर्द केले.