गरोदरपणात मालिश आणि पेडिक्युअर: कुठे हरकत नाही, कुठे थांबायचे?

"डॉक्टर, पाय चेपून घेतले तर चालतील का?" हा प्रश्न सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बायका बहुधा तपासणी संपल्यावर, दारातून निघता निघता विचारतात. घरी कोणीतरी नको म्हटलेले असते किंवा पार्लरमध्ये नकार मिळालेला असतो. गरोदरपण सुरळीत चालू असेल तर हलक्या हाताची मालिश आणि स्वच्छ ठिकाणी केलेले पेडिक्युअर यांनी बाळाला अपाय होत नाही. सांभाळायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. त्यातली सर्वात महत्त्वाची आधी सांगते.

एकाच पायाला सूज असेल तर मालिश नको

गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीराने केलेली ही तयारी असते. त्यातच वाढलेले गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाबते आणि पायांतले रक्त सावकाश वर चढते. त्यामुळे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा साधारण ४ ते ५ पट असतो. बहुतेक वेळा ही गुठळी डाव्या पायात होते, कारण त्या बाजूची शीर ओटीपोटात एका धमनीखाली दबलेली असते.

एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जाड दिसतो, पोटरी किंवा मांडी सतत दुखते, हाताला गरम लागते, कधी लालसर होते. अशा वेळी घरच्यांना पहिली गोष्ट सुचते ती तेल कोमट करून पाय चोळायची. नेमके तेच करू नका. चोळल्याने गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊ शकतो आणि ते जिवावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डॉप्लर सोनोग्राफीने निदान होते आणि तिचा बाळाला त्रास नाही. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

रात्री पोटरीत गोळा येतो तो प्रकार वेगळा. तो काही मिनिटांत सुटतो. पायाची बोटे आपल्याकडे ओढून धरा, मग हलके चोळले तरी चालते.

दोन्ही पाय संध्याकाळी सारखेच सुजतात आणि सकाळी सूज उतरते, ही बहुतेकींची तक्रार असते. इथे पावलापासून गुडघ्याकडे हलक्या हाताने मालिश केल्यास बरे वाटते. पण चेहरा, हाताची बोटेही सुजली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखले तर आधी रक्तदाब मोजून घ्या. २० आठवड्यांनंतर तो १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

मालिश कशी, कशाने?

पाठ, कंबर, खांदे, हातपाय यांना हरकत नाही. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ उताणे पडू नका. कुशीवर झोपून, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घ्या. साधे खोबरेल किंवा तिळाचे तेल पुरते. वेदनाशामक जेल मात्र न विचारता लावू नका. डायक्लोफेनॅकच्या गटातली औषधे २० आठवड्यांनंतर टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये दिला, कारण पोटात घेतलेल्या गोळ्यांमुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. जेलमधून औषध कमी शोषले जाते, तरी विचारलेले बरे.

पोट दाबून "बाळ फिरवून" घेणे अजूनही ठिकठिकाणी चालते. ते अजिबात करू नका. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. बाळ फिरवण्याची पद्धत स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही आहे, पण ती रुग्णालयात, सोनोग्राफी करून, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून वापरतात.

पहिल्या तीन महिन्यांत पार्लरवाले मालिशला नाही म्हणतात, ते मुख्यतः ठपका नको म्हणून. हलक्या मालिशीने गर्भपात होतो याला आधार नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. एखादीचा गर्भ राहिला नाही तर "तू मालिश करून घेतलीस म्हणून" असे तिला कृपा करून ऐकवू नका.

पेडिक्युअर

इथे प्रश्न स्वच्छतेचा आहे. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर चिवट गळवे उठली. पाय बुडवण्याच्या टबच्या जाळीमागे साचलेल्या केसकचऱ्यात जंतू वाढले होते. आधी पायांवर रेझर फिरवलेल्या स्त्रियांना धोका जास्त आढळला. म्हणून आदल्या दिवशी वॅक्सिंग, शेव्हिंग नको. टब तुमच्यासमोर घासून घ्यायला सांगा, साधी बादली असेल तर उत्तमच. पाणी कोमट असावे. नुसती पावले बुडवल्याने अंगाचे तापमान वाढत नाही. पहिल्या तिमाहीत गरम पाण्याच्या टबात पूर्ण बसणे मात्र टाळा.

टाचेची कातडी ब्लेडने काढू देऊ नका, नखांच्या मुळाशी असलेली कातडीही कापायला नको. दुसऱ्याचे रक्त लागलेल्या हत्यारातून कावीळ बी आणि सी पसरू शकते. आपला नेलकटर आणि वजरी घरून न्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. गरोदरपणातला मधुमेह असेल, पायाला जखम किंवा चिखल्या असतील, तर या वेळी राहू द्या.

घोट्याजवळ दाबल्याने कळा सुरू होतात, अशी भीती अनेकींना असते. पूर्ण दिवस भरल्यावर मुद्दाम दाबूनही त्या खात्रीने सुरू होत नाहीत. नेलपॉलिश हवेशीर जागेत लावा. डोहाळजेवणाला हौसेने लावलेला गडद रंग प्रसूतीला जाण्याआधी हाताच्या नखांवरून काढून टाका, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटालाच लावतात.